सकाळी न चावणारा मासा

फेस्टी गॉहनच्या गाई नदीत गेल्या त्या माझ्यामुळे. भल्या पहाटे मी त्याच्या कुरणात आळंबी वेचायला गेलो होतो. परत येताना टोपी आळंब्यांनी भरलेली, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फाटक पायानेच ढकललं. ते लागलं असं मला वाटलं. गाईंना तसं वाटलं नाही.

मी धावत जाऊन फेस्टीला उठवलं. पायजम्यावर गमबूट चढवून तो निघाला, आणि वाटभर त्याने माझ्या बुद्धीबद्दल जे काही काढलं, ते सगळं मी मान खाली घालून ऐकलं.

आमच्या मेयो परगण्यात सॅमन मासा कधी गळाला लागतो याबद्दल ज्याचं त्याचं मत असतं. फादर म्हणतात, हवेचा दाब चढला की. पोस्टातली नोरा म्हणते, पुराचं पाणी चहाच्या रंगाचं झालं की. फेस्टीचं मत मात्र त्याचा जिवलग मित्र मॅलकी रुआन याच्याकडून आलेलं. सॅमन नदीत आला की काही खात नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. मग चावतो कशाला? मॅलकीचं म्हणणं, वैतागून. सकाळी तो ताजातवाना असतो, दिवसभराचा वैताग साचतो संध्याकाळी. म्हणून गळ टाकायचा तो सूर्य नदीतल्या डोहावरून गेल्यावरच. फेस्टीची बायको अट्रॅक्टा यावर म्हणायची, की सकाळी सकाळी वैतागलेलं कुणी बघायचं असेल तर तिच्या स्वयंपाकघरात यावं. पण फेस्टीचा विश्वास ढळला नाही. पबमध्ये या मतासाठी तो सख्ख्या भावाशी भांडला.

इतकी वर्षं रोज संध्याकाळी तो डोहात उभा राहिला. ट्राउट मिळाले, ईल मिळाले. सॅमन एकही नाही. आयुष्यात एक तरी स्वतःच्या गळाला लागावा, एवढीच त्याची इच्छा. मॅलकी मात्र अधूनमधून अर्धा सॅमन कागदात गुंडाळून आणून द्यायचा. "तू गेलास आणि लागला बघ, थोडक्यात हुकलं तुझं," म्हणायचा. फेस्टी त्याचे आभार मानायचा आणि स्वतःच्या उतावीळपणाला शिव्या द्यायचा.

तर आम्ही नदीवर पोचलो. गाई गुडघाभर पाण्यात पाणी पीत होत्या आणि त्यांच्या पलीकडे कमरेइतक्या पाण्यात मॅलकी उभा होता. गळाची काठी वाकलेली. काठावर ओल्या गवतात एक चांदीसारखा सॅमन आधीच निजलेला. शेजारी थर्मास, घडीची खुर्ची, खुर्चीवर उशी. एखाद्या दिवशी सहज आलेला माणूस उशी घेऊन येत नाही.

मॅलकी मागे न बघताच ओरडला, "कुणाच्या रे या गाई? मासा सोडवतील ना माझा." मग वळला.

फेस्टी बराच वेळ त्या उशीकडे बघत राहिला. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"अरे, डोह केवढासा," मॅलकी म्हणाला. "दोघं उतरलो असतो तर कुणालाच..."

"मला सांगितलं असतंस तर मी काठावर बसलो असतो," फेस्टी म्हणाला.

गळाचा मासा केव्हा सुटला ते मॅलकीला कळलंच नाही. फेस्टीने गाई वळवल्या. मी एक गाय हाकायला गेलो, तर म्हणाला, तू राहू दे.

त्यानंतर फेस्टी रोज उजाडता उजाडता डोहात उतरू लागला. नदीचा रिवाज असा, की आधी आलेला एकेक पाऊल प्रवाहाबरोबर खाली सरकत जातो आणि मागच्याला जागा देतो. फेस्टी सरकत नसे. मॅलकी येई, काठावर टोपी हातात घेऊन उभा राही, निघून जाई. एकदा त्याने माझ्या हाती अख्खा सॅमन पाठवला. अट्रॅक्टाने तो लोण्यात परतला. ती आणि मी जेवलो. फेस्टीने बटाटे खाल्ले.

उन्हाळा सरत आला. सॅमन फेस्टीच्या पायाशी उड्या मारत होते, चावत एकही नव्हता. मॅलकीला भलताच खोकला झालाय असं कळलं, म्हणून मी डोहावर जाऊन फेस्टीला ते सांगितलं, आणि धीर करून विचारलं, आता त्याच्याशी बोलणार तरी कधी?

दोरीवरची नजर न काढता तो म्हणाला, "माझा मासा लागला की."