वहिनी आणि एकेचाळीस प्रिंटर

अख्ख्या इंदुरात प्रिंटरवर कधीही हात न उगारलेलं एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि ते म्हणजे माझ्या थोरल्या वहिनी. तुकोगंजातल्या ज्या मोठ्या हॉस्पिटलात मी रेकॉर्ड रूम सांभाळतो, तिथेच त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख आहेत. विभागात त्या एकट्याच असल्यामुळे या पदाला कुणी आव्हान दिलेलं नाही. घरी मी त्यांचा धाकटा दीर आणि तिथे त्यांचं गिऱ्हाईक. बोलणी दोन्हीकडे सारखीच खातो. बिघडलेल्या प्रिंटरशी मात्र त्या फार मायेने बोलतात. "क्या हुआ, बाबू? कुठे दुखतंय?" असं विचारत झाकण उघडतात आणि त्याच्या पोटातून मूठभर शेव काढतात. एक्स-रेवाल्यांच्या प्रिंटरमधून तर टिकली, रुद्राक्ष आणि अर्धी कचोरी निघाली होती. वहिनींनी ते सगळं बशीत मांडून तिथल्या टेक्निशियनला नेऊन दिलं आणि तो बिचारा 'माझं नाही' म्हणेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. तेवढी कचोरी त्याने ओळखली.

आमच्याकडे पाच मजले आणि एकेचाळीस प्रिंटर. रिसेप्शनवर विंडोज, लॅबमध्ये लिनक्स, मोठ्या सर्जनसाहेबांच्या टेबलावर त्यांचा मॅक. यातला प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या ओळखीच्या प्रिंटरशीच बोलायचा, दुसऱ्यासमोर लग्नात रुसलेल्या आत्याबाईंसारखा गप्प. लॅबमधला माणूस रिपोर्ट छापायला पेनड्राइव्ह घेऊन दोन जिने उतरायचा. प्रिंटरना नावं ज्याने त्याने ठेवलेली: 'नया', 'नया वाला', 'असली नया', आणि एकाचं नावच 'इसको मत छेड़ना'. एकदा सर्जनसाहेबांनी हर्नियाच्या पेशंटसाठी सूचना छापल्या. त्या निघाल्या खाली प्रसूती विभागात, आणि तिथल्या नर्सने 'जड उचलू नये' एवढं वाचून त्या एका बाळंतिणीला देऊनही टाकल्या. हर्नियावाला तीन तास कागदाची वाट बघत बसला.

त्या दिवशी वहिनींनी ठरवलं की आता मध्ये एकच सर्व्हर बसवायचा. सगळ्यांचे कागद आधी त्याच्याकडे जातील आणि तो ते हव्या त्या मजल्यावर पोचवेल, मग कॉम्प्युटर कुणाचाही असो. सर्जनसाहेब म्हणाले, आपला प्रिंटर ते कुणाशी वाटून घेणार नाहीत. वहिनींनी अतिशय अदबीने विचारलं की ऑपरेशन थिएटर तर घेता ना सर. साहेबांनी प्रिंटर दिला.

चार महिने त्या या कामात बुडाल्या होत्या. सगळ्यात छळलं ते हिंदीने. लॅबमधून पाठवलेल्या कागदावर जोडाक्षरं फुटायची, कुठे नुसते चौकोन यायचे. म्हणून तपासण्यासाठी त्यांनी मुद्दाम अवघड अक्षरांचं एक वाक्य तयार केलं: 'दादाजी के घुटने का ऑपरेशन सफलतापूर्वक सम्पन्न हुआ।' आणि एका सकाळी ते एकदम एकेचाळीस प्रिंटरांवर सोडलं.

तासाभराने चौथ्या मजल्यावरच्या काउंटरवरून फोन आला की मॅडम, प्रिंट एकदम साफ आहे, पेशंटवाले घेऊनसुद्धा गेले. वहिनी माझ्या टेबलाशीच होत्या. हातातला चहा तसाच ठेवून त्या जिन्याकडे धावल्या, मागोमाग मी.

चौथ्या मजल्यावर देवासकडचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांचे दादाजी खरोखरच गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आत गेले होते. ट्रेमधला कागद थोरल्या मुलाने वाचला, कपाळाला लावला आणि लाडू घेऊन तो थेट खजरान्याच्या गणपतीला निघाला. आजी एकट्याच बाकावर होत्या, कागदाची घडी मुठीत धरून. वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या. मी मागे उभा होतो. वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील.

"अम्माजी, ये कागज मैंने छापा था, मशीन देखने के लिए. ऑपरेशन अभी चल रहा है."

आजींनी कागदाची घडी उलगडून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "तो फिर यहीं बैठो. जब तक ये सच्चा न हो जाए."

वहिनी दोन तास बसल्या. त्यांच्या मोबाइलवर सगळ्या विभागांचे फोन येत होते. त्यांनी एकही घेतला नाही. हाडांचे डॉक्टर बाहेर येऊन 'सब ठीक है' म्हणाले, तेव्हा आजींच्या आधी वहिनीच रडल्या. पंचवीस वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. मुलगा प्रसाद घेऊन परतला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. वहिनींनी दोन लाडू खाल्ले, आणि खाली येऊन आधी ते वाक्य बदललं.

आता कुठूनही बटण दाबा, कागद हवा तिथे निघतो. नवीन लोकांना वाटतं हे पहिल्यापासून असंच असणार. वहिनींचा फोन आताशा वाजत नाही. दुपारी त्या उगाच एक चक्कर मारतात, आणि प्रत्येक मजल्यावर त्यांना एकच उत्तर मिळतं: सब बढ़िया, मैडम.

परवा मीच माझ्या प्रिंटरची वायर उपसली आणि त्यांना फोन लावला. तीन जिने उतरून आल्या. वायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाकून ती सावकाश परत लावली. मग खुर्ची ओढून बसल्या.

"चहा मागवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "याला जरा वेळ लागेल."