काकांच्या परवानगीनं वाहणारे समुद्र

जगातले सगळे समुद्र आमच्या शेजारच्या काकांच्या परवानगीनं वाहतात, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्यांनी स्वतः समुद्र पाहिलेला नाही, ही किरकोळ बाब. सातपूरच्या कारखान्यात लालबुंद लोखंड पाण्यात बुडवण्यात त्यांची नोकरी सरली. तापलेलं पाणी वर येतं, गार पाणी तळ गाठतं, हे तिथल्या टाकीत रोज बघायचं आणि निवृत्तीनंतर ते महासागरांना लागू करायचं, एवढंच त्यांनी केलं. मुलानं एकदा मुंबईला नेतो म्हटलं, तर म्हणाले, "किनाऱ्यावरून काय दिसणार? लाटा! खरी वाहतूक खाली असते." गंगापूर रोडच्या एका लग्नात त्यांनी मठ्ठ्याचं पिंप अडवून, पृथ्वी फिरते म्हणून प्रवाह कसे वळतात, ते पळीनं ढवळून दाखवलं. मागं रांग लागली. काकू लांबूनच ओरडल्या, "अहो, लोकांना मठ्ठा घेऊ द्या! पृथ्वी काही थांबत नाही!"

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. छापलेला शब्द मागे घ्यायचा नाही, हा आमचा घरचा बाणा. आमचा गट दर रविवारी वस्तीत विज्ञानाची पत्रकं वाटतो. एकदा तीनशे प्रती घेऊन निघालो, तर काकांनी जिन्यातच एक ओढून वाचली: 'समुद्र कुणा देवाच्या इच्छेनं हलत नाही. प्रवाह वाऱ्यामुळे होतात.'

"वाटू नकोस."

"का?"

"अर्धंच आहे. वारा वरचं पाणी ढकलतो. तळाचं कोण हलवतं, तुझा बाप?"

"काका, पत्रकात सगळं मावत नाही."

"मग तुझ्यात आणि एखाद्या बुवात फरक काय? तोही सोयीपुरतंच सांगतो."

हे झोंबलं. त्यांनी मला घरात ओढलं. माशांच्या रिकाम्या काचपेटीत कोमट पाणी भरून एका टोकाला कपड्यांची नीळ घातलेला बर्फ सोडला. निळी रेघ तळाशी गेली आणि शांतपणे दुसऱ्या टोकाकडे सरकू लागली. "थंड पाणी जड. खारट आणखी जड. ध्रुवाकडे असंच बुडतं आणि तळानं जगभर फिरतं." मग पेन काढून ते बसले. मी मुकाट्यानं एकेक प्रत पुढे करत गेलो आणि तीनशे पत्रकांवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात चढलं: 'आणि थंडी, आणि मीठ.'

गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर काका गप्प झाले. काचपेटीत काकूंनी कांदे ठेवले. परवा मी नवा मसुदा दाखवला, तर न वाचताच परत दिला. म्हणाले, "असेल बरोबर."

इतकी भीती मला कुठल्या मोर्चात वाटली नव्हती.

काल मी मुद्दाम एकच वाक्य लिहून नेलं: 'प्रवाह वाऱ्यामुळे होतात.' कागद त्यांच्या मांडीवर नुसता पडून राहिला. काकू चहा ठेवून गेल्या, चहावर साय धरली. मग त्यांचं बोट हळूहळू सरकत पूर्णविरामापाशी येऊन थांबलं.

"मीठ कुठाय रे?" ते पुटपुटले.

मी त्यांच्या हातात पेन दिलं.