गादी शिवणारीचं नाव

पिंजलेल्या कापसाचा वास आला, की मला चिंचवडच्या माळावरची आमची पत्र्याची शेड आठवते. पंचावन्न-छप्पन साल असेल. फ्लाइंग क्लबचं एक छोटं विमान दुरुस्तीला आलं होतं आणि त्यात बसवलेल्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद ठेवणं हे माझं काम होतं. उड्डाणाचा दाखला द्यायला मुंबईहून सरकारी साहेब आले. ते मद्रासकडचे, मराठी कामापुरतंच. वहीशी एकेक नंबर ताडून पाहत ते वैमानिकाच्या गादीपाशी थांबले. वहीत जुनी गादी होती, विमानात नवी! जुनी उंदरांनी कुरतडली म्हणून आमच्या मिस्त्रींनी मला न सांगताच ती बदलली होती. "बनवणाऱ्याचं नाव लिहा, नाहीतर दाखला नाही," साहेब म्हणाले. मिस्त्री लाजून लाल झाले. "आमच्या घरातनं शिवलीया, साहेब." घर ही कुठली तरी कंपनी असावी असं वाटून साहेबांनी पत्ता विचारला. "आकुर्डी, मारुतीच्या देवळामागं." मी वैतागून म्हटलं, "अहो, वहिनींचं नाव सांगा!" "राव, लगीन होऊन बारा वर्सं झाली, अजून एकदा बी तोंडातनं काढलं न्हाई." शेवटी त्यांनी मला पंखाआड नेलं, चहूकडे पाहिलं आणि कानात नाव सांगितलं. मी ते वहीत लिहिलं, साहेबांनी गादीची शिवण ओढून पाहिली आणि सही केली. आज मिस्त्री नाहीत, वहीही कुठे गेली कोण जाणे. नाव मात्र मला पाठ आहे, पण ते इथे लिहायला अजूनही हात धजत नाही.