मागची फळी

माझ्या धाकट्या दिरांना सगळे पाचर म्हणतात आणि ते नाव त्यांना शोभतं. दोन माणसं सुखाने बोलत बसली की हे मध्ये शिरणार, घट्ट बसणार आणि हलायचं नाव घेणार नाहीत. धंद्याने सुतार. हात सोन्याचा, जीभ पटाशीची. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली पंचवीस आमचं पटलेलं नाही आणि उरलेलं एक वर्ष ते बाहेरगावी कामाला होते.

ज्या मिस्त्रींकडे ते काम शिकले, त्यांची एक रीत होती. कपाट पूर्ण झालं की त्यात बल्ब पेटवून ठेवायचा, खोलीत अंधार करायचा आणि चारी बाजूंनी फिरून बघायचं. कुठून उजेडाची रेघ दिसली तर कपाट उकलून पुन्हा जोडायचं. दिरांनी अशी कितीतरी कपाटं उकलली. तेव्हापासून फट म्हणजे त्यांना आईवरून दिलेली शिवी वाटते. त्यांच्या स्वतःच्या घराचं दार खांद्याने ढकलावं लागतं. माझी जाऊ म्हणते, आमच्या घरातून वाफसुद्धा विचारल्याशिवाय बाहेर जात नाही.

लग्नात त्यांनी मला एक कपाट करून दिलं होतं. हवा दमट झाली तसं ते उघडेना. माझे सगळे चांगले कपडे आत आणि दारात गाडी उभी. मी घरातल्या कपड्यांवरच मामेबहिणीच्या लग्नाला गेले. परत आल्यावर तक्रार केली तर म्हणाले, "वहिनी, कपाट उघडायचीही पद्धत असते. कॉलेजात शिकवत नसतील."

हे सगळं मी विसरले असते. कपाटाचं काय, माणूस सोसतो. पण गेल्या वर्षी गोष्ट माझ्या मुलीपर्यंत आली.

तिला एका कंपनीत काम मिळालं. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल याची संगणकावर चित्रं करायची, तीही घरी बसून. पहिले तीन महिने बघू, मग कायम करू, असा करार. तिची खोली म्हणजे पलंग आणि पलंगाच्या कडेला उरलेली जागा. त्यात संगणकाचा तो मोठा डबा पायात यायचा. म्हणून तिला असं टेबल हवं होतं की डबाच नको, टेबल हाच डबा. उजव्या हाताला, जिथे एरवी खण असतात तिथे, एक बंद कप्पा; संगणकाचे सगळे भाग त्यात स्क्रूने बसवलेले; वर काच आणि काचेवर स्क्रीन. तिने स्वतः मापं घालून चित्र काढलं. मी म्हटलं, दुकानात चौकशी करू. तर माझे यजमान म्हणाले, "घरात सुतार असताना दुकानातून टेबल आणलं तर लोक तोंडात शेण घालतील." झालं. चित्र दिरांकडे गेलं.

टेबल आलं तेव्हा मी मनातल्या मनातही नावं ठेवू शकले नाही. कडा अशा, की बोट फिरवत राहावं. पण मुलीने कप्प्याच्या मागच्या बाजूला ओळीने भोकं दाखवली होती आणि तळाला एक लांब झिरी. तिथे अंगठ्याएवढ्या जाडीची सबंध फळी होती. तिने चाचरत विचारलं, तर काका खूश. "तू काटकसर केलीस, मी नाही केली. पुतणीचं टेबल आणि पाठ उघडी? मागे कोण बघतंय म्हणून सोडून देणारा सुतार मी नाही."

ती म्हणाली, "चालेल, काका."

मोठ्यांपुढे तिच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही, आणि त्याला मीच कारण आहे. तिने भाग बसवले, दिरांनी पडदे ओढले आणि टेबलाभोवती उकिडवे फिरले. आतल्या भागांवरच्या दिव्यांचा निळा उजेड काचेतून तेवढा वर येत होता, बाकी कुठून नाही. वायरींभोवतीसुद्धा मुंगीला वाट नाही, असं त्यांनी मला ऐकवलं. मला तेव्हाच झाकण लावलेलं भांडं आठवलं. पण यंत्रातलं मला काय कळतं, म्हणून गप्प बसले.

पहिल्या महिन्यात संगणक चार वेळा आपोआप बंद पडला. दुसऱ्या महिन्यात रोज. ताप बघावा तशी मी जाता-येता काचेवर तळहात ठेवू लागले. मुलगी सांगायची की आत तीन पंखे आहेत, पण तीच तापलेली हवा ते गरागरा फिरवतात. काच काढून ठेवली तर हलकं काम चालायचं, पण मग स्क्रीन ठेवायला जागा नाही. ती चार दिवस स्क्रीन पलंगावर ठेवून जमिनीवर बसून काम करत होती. पाठ धरली. शेवटच्या महिन्यात कंपनीने एक मोठं चित्र मागितलं, सोमवारी दुपारपर्यंत. ते तयार व्हायला संगणक सलग नऊ तास चालायला हवा होता आणि काच काढूनही दोन तासांत बंद पडत होता. शुक्रवारी ती जेवली नाही.

शनिवारी सकाळी मी दिरांना बोलावून घेतलं. त्यांनी काचेवर हात ठेवला, फळीवर हात ठेवला आणि निकाल दिला: लाकडात दोष नाही, मशीनच भिकार आहे.

"मशीन चांगलं आहे, काका," मुलगी म्हणाली. "त्याला हवा लागते. मी भोकं दाखवली होती. तुम्ही बुजवलीत."

आयुष्यात पहिल्यांदा ती असं बोलली. ते तिच्याकडे न बघता माझ्याकडे वळले.

"हे तुम्ही शिकवलंत."

"उशिरा शिकवलं," मी म्हटलं. "भोकं पाडा, भावोजी."

त्यांनी साफ नाही म्हटलं. चांगल्या फळीला भोकं पाडणं हे त्यांच्या हाताने होणार नाही, आणि एका चित्रासाठी जन्माचं काम कोण नासवतं, असंही वर बोलले. मी म्हटलं, मग ड्रिल द्या. त्यांनी ते पिशवीतून काढून माझ्यापुढे असं धरलं, जणू मी हात मागे घेईन. "धरता तरी येईल का?"

मुलीने सगळे भाग काढून पलंगावर मांडले. मी पेन्सिलीने ओळी आखल्या आणि सुरुवात केली. पहिल्याच भोकाला आतल्या बाजूने चिरफळ्या उडाल्या. दीर गेले नव्हते. हाताची घडी घालून दारात उभे होते. मागे टाकाऊ फळीचा तुकडा धरतात, म्हणजे असं होत नाही, हे त्यांनी शिवी द्यावी तसं सांगितलं. मी धरला नाही. धरायला हवा होता. एक्केचाळीस भोकं पाडली, त्यातली निम्मी तिरकी. मग ड्रिल परत दिलं. त्यांनी ते पुसलं, पिशवीत टाकलं आणि चहाला न थांबता गेले.

रविवारी संगणक नऊ तास चालला. चित्र वेळेवर गेलं. पंधरा दिवसांनी मुलीला कायम केल्याचं पत्र आलं. ते दिरांना कळवलं तर म्हणाले, हुशार आहे पोरगी, आमच्यावर गेली.

त्यानंतर ते आमच्या घरी आलेले नाहीत. वहिनींनी टेबलाची चाळण केली, असं नात्यात सगळीकडे सांगून झालंय. मी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. मुलगी अधूनमधून म्हणते, आई, एक फोन कर ना. मी ऐकलं न ऐकलं करते.

पण त्या टेबलाचे फोटो मुलीच्या ओळखीच्यांत फिरले आणि दिरांकडे तशीच टेबलं करून मागायला माणसं येऊ लागली. जाऊ सांगत होती, ते काम घेतात, पण अट घालतात: मागची फळी मी लावणार नाही, ती तुमची तुम्ही बघा.

आज संध्याकाळी एका अनोळखी माणसाचा फोन आला. आढेवेढे घेत त्याने विचारलं, "भोकं पाडणाऱ्या बाई तुम्हीच ना? सुतारांनी नंबर दिला. म्हणाले, हे असलं काम आमच्या वहिनी करतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला बसायला, कागद-पेन घ्यायला सांगितलं. केवढं भोक, किती अंतर, तळाची झिरी कुठे, सगळं सांगितलं आणि पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. त्याच्या मुलाची परीक्षा होती म्हणे, त्याच संगणकावर.