120Y वॅगन पोचवायला अल ऐनला

आखातात राहत असताना अल ऐनला जायचं असं आमचं दोन वर्षं नुसतं चाललं होतं. शेवटी ठरवलं ते युसुफचाचांनी, तेही एका मिनिटात. "निखिलभाऊ, शनिवारी मोकळे असाल तर माझ्या मागनं गाडी घेऊन या. जाताना मी माझ्या गाडीत, येताना तुमच्या."

चाचा मूळचे हर्णैचे. मुसफ्फामधल्या एका गॅरेजात तीसेक वर्षं मेकॅनिक; आमची गाडीही तेच बघायचे. 2009 उजाडलं तेव्हा आजूबाजूची बांधकामं थांबली होती, गिऱ्हाईक आटलं आणि मालकानं गॅरेज बंद केलं. चाचा कायमचे गावी निघाले. मागे राहणार होती त्यांची डॅटसन 120Y. सत्तरच्या दशकातली ही जपानी गाडी अजून चालवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत, त्यात ही वॅगन, पिस्ता रंगाची. अल ऐनचे अबू राशिद नावाचे गृहस्थ 120Y जमवतात; चाचा त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचे. दोन दारांची, चार दारांची आणि कूपे त्यांच्याकडे होती. वॅगन तेवढी नव्हती.

आणखी एक सांगायला हवं. माझी नोकरी तेरा दिवसांपूर्वी गेली होती. माझ्या बायकोला, मुग्धाला, मी ते सांगितलं नव्हतं.

सकाळी सात वाजता मोहम्मद बिन झायद सिटीतून निघालो. अल ऐन तिथून दीड तासावर. पण वॅगन ऐंशीच्या पुढे जाणार नाही हे चाचांनी आधीच बजावलं होतं. आमची नऊ वर्षांची सई हट्टानं त्यांच्या गाडीत बसली. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे ओळीनं लावलेली झाडं आणि त्यांच्यामागे वाळू. डाव्या लेनमधून लँडक्रूझर सुसाट जात होत्या. एकानं मात्र वेग कमी केला, काच खाली केली आणि वॅगनला चक्क सलाम ठोकला.

अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाशी चहाला थांबलो. कडक चहा एक दिरहॅम. "म्हणजे तेरा रुपये," मुग्धा सवयीनं म्हणाली. सई धावत आली. "बाबा, चाचांची वाइफ याच कारमध्ये ड्रायव्हिंग शिकली! शी हिट अ डेट ट्री!"

चाचा हसले. "दोन वर्षं होती इकडे, मग पोरांच्या शाळेसाठी गावी गेली. झाडाला काय झालं नाय. बंपर मात्र मी तीनदा सरळ केला."

अबू राशिदांची खजुराची बाग शहराबाहेर आहे. पत्र्याच्या शेडखाली तिन्ही गाड्या उभ्या होत्या. दोन दारांची पांढरी, साधी, ऑफिसला निघाल्यासारखी. चार दारांची तपकिरी, घरंदाज. कूपेचं छत मागे उतरत गेलेलं, रंग नारिंगी. सगळ्यात नखरेल तीच. चेहरा तिघींचा एकच. चौथी जागा झाडून मोकळी ठेवली होती.

चाचांनी बॉनेट उघडून अबू राशिदांना सगळं दाखवलं. "चोक आधा खींचना. पूरा खींचेगा तो रूठ जाएगी." अबू राशिद शाळकरी पोरासारखे मान डोलवत होते. मग गाडी जागेवर लावायची वेळ आली आणि चाचा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसून राहिले.

अबू राशिदांना ते कळलं. ते खिडकीशी वाकले. "यूसुफ, तुम अभी दो हफ्ता इधर है ना? गाड़ी रखो. जाने का दिन लाओ. मुश्किल नहीं."

चाचांनी मान हलवली. "नहीं अरबाब. आज नहीं दिया तो कभी नहीं देगा." त्यांनी गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली अबू राशिदांच्या हातात ठेवली. "खलास," म्हणाले. मग शेडच्या मागे गेले आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन परत आले.

जेवायला शहरात एका केरळी हॉटेलात गेलो. माशाची थाळी दहा दिरहॅम, भात हवा तेवढा. चाचांनी ताट अर्धं टाकलं. नंतर ओअ‍ॅसिसमध्ये हिंडलो. खजुरांच्या सावलीतून पाण्याचे पाट वाहतात, तिकीट नाही. दोन तास हातात ठेवूनच जा. दुपार उतरल्यावर जबल हफीत या डोंगराकडे वळलो, तेव्हा चाचा म्हणाले, "भाऊ, मी चालवू? हाताला चैन नाय."

मी मागे मुग्धाशेजारी बसलो, सई पुढे. आमची गाडी ऑटोमॅटिक. वळण आलं की चाचांचा हात गिअरकडे जायचा आणि तसाच परत यायचा. खाली शहर लहान होत चाललं होतं. मला एकदम वाटलं, आत्ता बोललो नाही तर नंतरही बोलणार नाही.

"मुग्धा, माझी नोकरी गेली."

ती माझ्याकडे वळली. "कधी?"

"तेरा दिवस झाले."

"मग रोज डबा घेऊन कुठे जात होतास?"

"समुद्राकाठी, कॉर्निशवर. गाडीतच बसायचो."

आरशात चाचांची नजर माझ्यावर आली आणि लगेच रस्त्यावर गेली. मुग्धाचे डोळे भरले होते. "डबा तरी खात होतास ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ते खोटं होतं, आणि तिला ते कळलं. "मला तेरा दिवस एकटी ठेवलंस तू," ती म्हणाली आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. माथ्यावर सोसाट्याचा वारा होता. सई आणि चाचा कठड्याशी जाऊन उभे राहिले. आम्ही दोघं गाडीतच बसलो. थोड्या वेळानं तिनं माझा हात हातात घेतला.

आता पुण्यात बसून हे लिहितोय. जाणाऱ्यांनी हिवाळ्यातच जावं आणि डोंगरावर गरम कपडे न्यावेत. बागेतल्या त्या गाड्या बघायला तिकीट नाही, पाटीही नाही. ओळख काढूनच जावं लागतं. चार 120Y एका ओळीत उभ्या असलेल्या मी पाहिल्या, हे भाग्यच. पण माझ्यापाशी सगळ्यात जास्त उरलंय ते घरी परतल्यावरचं. चाचांना त्यांच्या खोलीवर सोडलं, सई दमून झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे तिकडे कामाचा वार. मी सवयीनं मोबाइलवर साडेपाचचा गजर लावत होतो. मुग्धानं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"उद्या झोप," ती म्हणाली. "मग दोघं मिळून बघू."

मी नऊपर्यंत झोपलो.