पहिला घास

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं तिथल्याच एका कोरियन मुलाशी लग्न ठरवलं. म्हणजे तिनं ठरवलं. मुलाच्या आईचा होकार अजून यायचा होता. त्या बाई नवऱ्याला आणि मुलाला घेऊन कारंज्याला आमचं घर पाहायला येणार म्हटल्यावर लेकीनं फोनवर माझी शिकवणीच घेतली. वस्तू एका हातानं द्यायची नाही. त्यांची नावं लाल शाईनं लिहायची नाहीत. घरातलं सगळ्यात मोठं माणूस जेवायला लागल्याशिवाय कोणी चमचा उचलत नाही. "अन् वय विचारलं तर भडकू नको," असंही म्हणाली. ती मला चांगली ओळखून आहे.

वय त्यांनी आल्या आल्याच विचारलं. मी भडकले नाही, त्रेसष्ट म्हणून सांगितलं. मुलाचे वडील माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान निघाले आणि लगेच आणखी खाली वाकले. मला मनातून बरं वाटलं.

वांग्याची भाजी, रोडगे, वरण, ठेचा. सकाळपासून राबून मी ताटं वाढली. यजमान जाऊन दहा वर्षं झाली, तेव्हा घरातलं मोठं माणूस म्हणजे माझे धाकटे दीर, असं मी बिनदिक्कत धरून चालले होते. दिरांनी रोडगा कुस्करला, तूप ओतलं, जेवायला लागले. पाहुणे मात्र मांडीवर हात ठेवून गप्प. मी आग्रह केला, आणखी तूप वाढलं, तरी कोणी हलेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्वैपाक आवडला नाही, म्हणजे घरही आवडलं नाही, पोरीचं लग्न मोडलं! रागारागानं आत जाऊन मी झाकण आदळलं.

लेक मागोमाग आली. "आई, ते तुह्यासाठी थांबून राह्यले. सगळ्यात मोठी तूच आहेस ना!"

"मी? मी वाढणारी आहो. वाढणारी कुठं पहिले जेवते?"

"मंग काय त्याइले उपाशी पाठवतं?"

लग्न होऊन अडतीस वर्षं झाली. या घरात मी कायम पंगत उठल्यावर, भाजीच्या तळाशी उरलेल्या रश्शाशी जेवले आहे. त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र फार वाटलं. मी माझं ताट वाढून बाहेर आले, दिरांच्या शेजारी बसले आणि पहिला घास घेतला.

तीन चमचे एकदम उचलले गेले. भुकेलेच होते बिचारे! त्या बाईंनी ठेचा दोनदा मागून घेतला. मग माझं ताट रिकामं दिसताच त्यांनी दोन्ही हातांनी त्यात रोडगा वाढला आणि लेकीला काहीतरी विचारलं. लेकीचे डोळे भरून आले. "आई, लग्न इथं करू का तिकडं, म्हणून विचारून राह्यल्या."

"इथं!" मी तोंडात घास असतानाच सांगून टाकलं.

तेवढ्यात दिरांनी रिकामी वाटी पुढे केली. "वहिनी, भाजी वाढता का?"

"हातानं घ्या, भाऊजी," मी म्हटलं. "मी जेवून राह्यली."