माझ्या एकुलत्या एक श्रोत्याचे कान

माझ्या आजवरच्या हेवी मेटल कारकिर्दीत मला एकच निष्ठावंत श्रोता लाभला, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

हा श्रोता म्हणजे आमचे बाबा. खडकीच्या एका सरकारी कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला माल हातात घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, एवढंच काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. घरीही तोच खाक्या. आईच्या आमटीपासून माझ्या दहावीपर्यंत सगळं या तपासणीतून गेलेलं आहे. (आमटी पास झाली.)

मी गिटार शिकलो कसबा पेठेत, आमच्या ड्रमरच्या घरी. शेजारी तांब्याची भांडी घडवणारे कारागीर होते. ते दिवसभर ठोकायचे, आम्हीही दिवसभर ठोकायचो, त्यामुळे कित्येक वर्षं आमच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. बँडचं नाव आम्ही ठेवलं 'कुंभीपाक'. पुराणात पापी माणसांना जिथे तेलात तळतात, तो नरक. (नाव ऐकून एका मावशीने मुंजीच्या जेवणाचे दर विचारायला फोन केला होता.) पुण्यात हेवी मेटल वाजवणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. "बाकी काय करता?" आणि "अजून करता?" मी दिवसा मुलांना गिटार शिकवतो, हे पहिल्याचं उत्तर. दुसऱ्याला मी उत्तर देत नाही. आवाज वाढवतो.

लग्नानंतर आम्ही सगळे वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि सराव घरात आला. रोज संध्याकाळी सहा ते सात. सहा वाजले की आई देवळात जायची, माझी बायको मुग्धा फिरायला जायची आणि समोरच्या फ्लॅटमधली मंडळी जिथे जागा मिळेल तिथे जायची. उरायचे फक्त बाबा. माझ्या स्पीकरचा डबा चांगला कमरेएवढा उंच आहे. बाबा त्याला पाठ टेकून जमिनीवर मांडी घालायचे, डोळे मिटायचे आणि तासभर मान डोलवायचे. चेहऱ्यावर असं समाधान, की मला वाजवता वाजवता भरून यायचं. त्यांना जरा कमी ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक होतं. पण जरा कमी ऐकू येणं ही हेवी मेटलच्या श्रोत्याची पात्रताच असते, असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या मजल्यावरचे सबनीस आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते महिन्यातून एकदा तक्रार घेऊन यायचे आणि दारात बाबा उभे राहायचे.

"काळेसाहेब, तुमच्या मिलिंदच्या वाजवण्याचा त्रास होतो."

"मला होत नाही," बाबा म्हणायचे. "मी तर डब्याला टेकून बसतो. तुम्ही कुठे असता?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"मग?"

 सबनीस चप्पल घालून परत जायचे. माझी कला या शहरात टिकली ती या एका 'मग'वर, आणि याचा मला भयंकर अभिमान होता. मी कार्यक्रमात स्टेजवरून सांगायचो, "माझे वडील माझे सगळ्यात मोठे फॅन आहेत." बाकी बँडवाल्यांचे डोळे पाणवायचे. त्यांचे वडील त्यांच्याशी बोलतही नसत.

मग एकदाचा आमचा अल्बम तयार झाला. पदरमोड करून, रजा काढून, आपसात तीनदा फुटून आम्ही तो पुरा केला होता. आणि माझ्या डोक्यात आलं की हा अल्बम बाबांनी नीट ऐकला पाहिजे. एकेक सूर. त्यासाठी त्यांना कानाचं मशीन घ्यायचं.

"चाललंय ते चालू दे," मुग्धा म्हणाली. "कशाला हात घालतोस?"

"अरे, त्यांना ऐकू यायला लागलं तर मला घरात बोलायची चोरी होईल," आई म्हणाली.

मी कुणाचं ऐकलं नाही. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय! बाबांना स्कूटरवर घालून मी कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाबा बटण दाबत राहिले. संथपणे, सारख्या अंतराने, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. मॅडमनी यंत्र बंद केलं तरी दाबतच होते.

"यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही," मॅडम मला म्हणाल्या. "ओठांवरून ओळखतात सगळं."

"कसं शक्य आहे? ते रोज तासभर माझं संगीत ऐकतात."

"काय वाजवता आपण?"

"हेवी मेटल."

मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आलाच आहात तर तुम्हीही तपासून घ्या," त्या म्हणाल्या.

मशीन बसलं. घरी येईपर्यंत बाबांनी हॉर्न ऐकले, कबुतरं ऐकली, माझी स्कूटर ऐकून ती नापास केली. घरात आल्यावर पंखा ऐकला. आई बोलत होती, तेही ऐकलं. "ही मधे कधी थांबली होती का?" त्यांनी मला विचारलं. मग सहा वाजले. त्या दिवशी आई देवळात गेली नाही आणि मुग्धाही फिरायला गेली नाही. दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. (पुण्यात बघ्यांना आमंत्रण लागत नाही.) बाबा नेहमीसारखे डब्याला टेकून बसले. मी रेकॉर्डिंग लावलं, गिटार जोडली आणि अल्बममधलं सगळ्यात लाडकं गाणं सुरू केलं.

बाबा बसल्या जागेवरून उठले. एवढ्या चपळाईने ते उठलेले मी लहानपणीही पाहिले नव्हते.

"शॉर्ट झालंय," ते म्हणाले. "मेन स्विच बंद कर."

"बाबा, हे गाणं आहे."

"त्यात कोणीतरी ओरडतंय."

"तो आमचा गायक."

"कुठे अडकलाय?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी गिटार खाली ठेवली. "मग इतकी वर्षं तुम्ही मान कशाला डोलवत होता?"

बाबा थोडे ओशाळले. "पाठ," ते म्हणाले.

"पाठ?"

"माझी पाठ धरते ना. तुझ्या डब्याला टेकून बसलं की आतून बारीक थरथर यायची. मणका अगदी मोकळा व्हायचा. दवाखान्यातल्या शेकापेक्षा बरं. मग डुलकी लागायची."

मला वाईट वाटलं. विनोदी लिहायचं म्हणून ते लपवणार नाही, फार वाईट वाटलं. ज्याच्या जोरावर मी अख्ख्या शहराला जुमानलं नव्हतं, तो माझा श्रोता डुलक्या काढत होता आणि मी त्याच्या पाठीचा शेक होतो!

बातमी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर पोचली. सबनिसांनी लगेच रविवारी पार्किंगमध्ये सभा बोलावली. विषय एकच, काळे यांचे गिटारवादन इमारतीत कायमचे बंद करणे.  अल्बमचा कार्यक्रम तोंडावर होता. ड्रमरचं कसब्यातलं घर पाडून तिथे नवी इमारत उभी राहत होती. वारज्यातली ही एक खोली गेली की माझं वाजवणंच संपत होतं.

"बाबा, सभेत काय सांगणार आहात?" मी शनिवारी विचारलं.

"खरं तेच."

"पण बाबा..."

"मिलिंद, मी नोकरीत एकही खोटा माल पास केला नाही. आता तुझ्यासाठी करू?"

मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, नका करू. बंद केलं तर जिन्यात वाजवीन, गच्चीवर वाजवीन, पण वाजवीन. मुग्धा म्हणाली, "गच्चीची किल्ली सबनिसांकडे आहे."

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. आधी धुमाळ आण्णा बोलले. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचंच शेत होतं. "आमच्या लग्नातला डीजे याच्यापरीस मोठा हाय," ते म्हणाले. "पर त्यो संपतो तरी." हशा झाला. मग सबनीस बाबांकडे वळले.

"काळेसाहेब, आता आपल्याला ऐकू येतं. आपणच सांगा. कसा आहे आवाज?"

बाबा उठले. कानातलं मशीन बोटाने नीट केलं. "वाईट," ते म्हणाले. "फारच वाईट आहे."

सबनीस हसले. मी मान खाली घातली.

"पण आठवडाभर मी सगळंच ऐकतोय," बाबा पुढे म्हणाले. "आण्णा, तुमच्या टीव्हीवरच्या बायका दुपारी रडायला बसतात त्या रात्रीपर्यंत. आम्हाला घरबसल्या गोष्ट समजते. पहिल्या मजल्यावर पहाटे मिक्सर लागतो. आणि सबनीस, तुम्ही सकाळी गाता."

"तो रियाज आहे," सबनीस म्हणाले. "शास्त्रीय संगीत आहे ते."

"असेल. काल दूधवाला थांबून वर बघत होता. कुणाला काही झालं का, असं मला विचारलं त्याने."

आता कुणी हसलं नाही.

"तपासणीचा नियम सांगतो," बाबा म्हणाले. "एकच नग काढून नापास करता येत नाही. तपासायची तर सगळी खेप. बोला, घेऊ तपासायला? वही-पेन्सिल आहे माझ्याकडे."

 पहिल्या मजल्यावरच्या बाई गॅसवर दूध ठेवून आल्याचं आठवून उठल्या. आण्णा म्हणाले, "जाऊ द्या ना सेक्रेटरी. पोरगं तासभरच वाजवतंय." ठराव मांडायला कुणी उरलं नाही आणि सबनिसांनी स्वतःच खुर्च्या आवरायला घेतल्या.

जिना चढताना मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्या बाजूने बोललात."

"कुणाच्याच बाजूने नाही. वाईटच आहे ते."

पण कार्यक्रमाला आले. न बोलावता, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत बसले. आजूबाजूला काळे टी-शर्ट घातलेली, केस झटकणारी पोरं, आणि मधे बाबा, गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे उघडे. मला वाटलं, मशीन काढून ठेवतील. त्यांनी काढलं नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ते दात घट्ट आवळून ऐकत राहिले. पोटचा मुलगा आहे म्हणून माणूस काय काय सोसतो, हे मला स्टेजवरून स्पष्ट दिसत होतं. मी त्या दिवशी जीव तोडून वाजवलं.

कार्यक्रम संपल्यावर पोरं येऊन "खतरनाक!" म्हणून गेली. मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"तिसऱ्या गाण्यात," बाबा म्हणाले, "तो ओरडायचा थांबतो आणि तू एकटा वाजवतोस, तिथे तू अडखळलास."

"नाही बाबा."

"अडखळलास."

मी ड्रमरला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. गायकाला विचारलं, तो म्हणाला, तिसरं कुठलं? घरी येऊन मी अल्बम लावला. बरोबर त्याच जागी मी रेकॉर्डिंगमध्येही अडखळलो होतो. रेकॉर्डिंग करणाऱ्याने, बँडमधल्या चौघांनी, खुद्द मी, कुणीही ती चूक ऐकली नव्हती. अल्बम तर बाहेर पडून चुकला होता. आता करायचं काय?

काही नाही. दुरुस्त करणाऱ्यातला मी नव्हे. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात त्या जागी मी छातीठोकपणे, मुद्दाम अडखळतो. पोरं म्हणतात, ही काळे सरांची खास शैली आहे. दोन विद्यार्थी तर ती शिकायला फी भरून येतात, पण त्यांना काही केल्या ती जमत नाही. ते बरोबर वाजवतात.